आधी किनारा, मग हॉटेल : बार्बाडोसच्या सहकुटुंब सुट्टीविषयी वाचकांचे प्रश्न

कॅरिबियन बेटांवरच्या सुट्टीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी बार्बाडोसचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बेट लहान आहे, जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. पण त्याच्या चार बाजूंचे समुद्र चार स्वभावांचे आहेत आणि कुटुंबाची सुट्टी कशी जाणार हे बरेचसे त्यावरच ठरते.

प्रश्न : मे महिन्यात आठ दिवस जायचे आहे. सोबत सत्तरीतले आई-वडील आणि चार व नऊ वर्षांची मुले. एजंटने पूर्व किनाऱ्यावरचे एक हॉटेल सुचवले आहे. फोटो फार सुंदर आहेत, दरही कमी आहे. घ्यावे का? (नाशिक)

उत्तर : नका घेऊ. पूर्वेकडचा बाथशेबा परिसर डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे, पण तो बघायचा समुद्र आहे, डुंबायचा नाही. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे अख्खा अटलांटिक ओलांडून येतात आणि आफ्रिकेनंतर त्यांच्या वाटेत पहिली जमीन लागते ती हीच. त्यामुळे तिथे मोठ्या लाटा, पाण्याखाली खडक आणि आत ओढणारे प्रवाह असतात. लाटांवर स्वार होणारे सर्फर जगभरातून तिथे येतात, त्याचे कारणही हेच. चार वर्षांच्या मुलाला तिथे घोटाभर पाण्यातही मोकळे सोडता येणार नाही. मग आठ दिवस करणार काय? दिवसभराची सहल काढून बाथशेबा जरूर पाहा, संध्याकाळी परत या.

तुमच्यासाठी पश्चिम किनारा योग्य. तो वाऱ्याच्या आडोशाला असल्याने पाणी एरवी तळ्यासारखे शांत असते. पेन्स बे, होलटाऊन, मलिन्स ही तिथली नावे. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे, इथली पुळण काही ठिकाणी अगदी अरुंद आहे आणि भरतीला हॉटेलच्या भिंतीपर्यंत पाणी येते. म्हणून बुकिंग करताना ‘बीचफ्रंट’ शब्दावर जाऊ नका, दुपारच्या भरतीच्या वेळी वाळू किती उरते हे हॉटेललाच विचारा. दुसरे म्हणजे, हा किनारा महागही आहे.

पैसे आणि सोय या दोन्हींचा मेळ हवा असेल तर नैऋत्येला, राजधानी ब्रिजटाऊनला लागून असलेला कार्लाईल बे पाहा. अर्धचंद्राकार उपसागर, रुंद वाळू, हळूहळू खोल होत जाणारा तळ. आजी-आजोबांना कंबरभर पाण्यात आधाराशिवाय उभे राहता येईल असे ठिकाण. कोकणातल्या भरती-ओहोटीची सवय असलेल्यांना एक फरक लगेच जाणवेल : इथे भरती आणि ओहोटीतले अंतर एक मीटरच्या आतच असते. ओहोटीला समुद्र लांब पळत नाही, चिखलपट्टा उघडा पडत नाही आणि वेळापत्रक बघून पाण्यात उतरावे लागत नाही.

दक्षिण किनारा मधला. लाटा मध्यम, स्वयंपाकघर असलेली घरे भरपूर, दर तुलनेने कमी. वर्दिंगला समोर खडकांची रांग असल्याने पाणी शांत राहते. रॉकली ते हेस्टिंग्ज समुद्राला लागून सुमारे दीड किलोमीटरचा सपाट पदपथ आहे. सकाळी फिरायची सवय असलेल्या ज्येष्ठांना तो फार आवडतो. सेंट लॉरेन्स गॅप या भागात मात्र रात्री उशिरापर्यंत संगीत चालते, मुले लवकर झोपत असतील तर थोडे दूर राहा.

मे महिना तुम्ही योग्य निवडला आहे. डिसेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा कोरडा हंगाम सर्वांत महाग, जूनपासून वादळांचा हंगाम. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी या दोहोंच्या फटीत बसते. वेळेचा फरक साडेनऊ तासांचा आहे, तिथे सकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. सुरुवातीचे तीन-चार दिवस मुले पहाटे चारला उठून बसतील आणि संध्याकाळी सहाला पेंगतील. त्यांना जबरदस्तीने जागवू नका. सकाळी साडेसहाला पाण्यात, नऊ-साडेनऊला सावलीत, दुपारी जेवण आणि झोप, चारनंतर पुन्हा पाणी. उन्हाच्या दृष्टीनेही हेच वेळापत्रक उत्तम. सूर्य लवकर मावळतो, मे महिन्यातही साडेसहाच्या आतच, त्यामुळे रात्रीच्या जेवणाची वेळ आपोआप लवकरची होते.

प्रश्न : बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही असे वाचले. मग एजंट व्हिसाचे पैसे कशाचे मागतो आहे? (मुंबई)

उत्तर : एजंट बहुधा बरोबर सांगतो आहे. भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी बार्बाडोसमध्ये 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अडचण वाटेत आहे. भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरांटोमार्गे जावे लागते आणि तिथे विमान बदलण्यासाठीचे नियम वेगळे.

अमेरिकेत ‘फक्त विमान बदलतो आहे’ अशी सवलतच नाही. दोन तासांचा थांबा असला तरी वैध अमेरिकी व्हिसा हवा, तान्ह्या बाळालाही. कॅनडातही ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनला विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचे असले तरी भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर बहुतेक वेळा तो माफ असतो, पण तिकीट काढण्याआधी ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचे उत्तर तपासा.

खरी फसगत होते ती विमानतळ बदलताना. मुंबईहून हीथ्रोला उतरायचे आणि बार्बाडोसचे विमान गॅटविकहून, अशी स्वस्त तिकिटे दिसतात. त्यात सामान घेऊन इमिग्रेशनमधून बाहेर पडावे लागते, म्हणजे आतल्या आत बदलण्याचा व्हिसा पुरत नाही, बाहेर पडण्याचा लागतो. वेगवेगळ्या दोन तिकिटांवर प्रवास असेल तरी हाच धोका, कारण पहिली कंपनी सामान पुढे पाठवेलच असे नाही. म्हणून सगळा प्रवास एकाच तिकिटावर आणि दोन्ही विमाने एकाच विमानतळावरून, एवढे पक्के धरून मग दर बघा. लंडन ते बार्बाडोस सुमारे नऊ तास लागतात.

बार्बाडोसच्या इमिग्रेशनला परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि आधी भरलेला ऑनलाइन फॉर्म लागतो. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक असावी, वाटेतल्या कंपन्या त्यावर अडतात. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ ठेवा.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. आय-797 या मंजुरीपत्राची मुदत आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपला आहे. तीस दिवसांच्या आत परतलो तर नवा स्टॅम्प लागत नाही, असे मित्र म्हणतात. आई-बाबा बी-टू या पर्यटक व्हिसावर आले आहेत, त्यांनाही न्यायचे आहे. (न्यू जर्सी)

उत्तर : मित्रांची माहिती अर्धी बरोबर आहे आणि हा अर्धेपणा महागात पडेल. तीस दिवसांची ती सवलत एच-वन-बीधारकांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे. जवळच्या कॅरिबियन बेटांसाठी ती एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी व संशोधकांना मिळते, त्यातही क्युबा वगळून. तुम्ही बार्बाडोसला गेलात तर परतीच्या विमानात तुम्हाला बसू देणार नाहीत. ‘तिथल्या अमेरिकी वकिलातीत स्टॅम्प घेऊ’ या भरवशावर कुटुंब घेऊन निघू नका, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशात अर्ज करावा असे धोरण आता आहे.

तुमच्यासाठी प्वेर्तो रिको हा सरळ मार्ग. अमेरिकेचाच भाग, त्यामुळे देशांतर्गत प्रवास. कुलेब्रा बेटावरचा फ्लॅमेंको बीच कुठल्याही कॅरिबियन किनाऱ्याच्या तोडीचा आहे. यू.एस. व्हर्जिन आयलंड्सही चालतील, पण तिथून मुख्य भूमीकडे निघताना कागदपत्रे तपासतात. पासपोर्ट आणि आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) सगळ्यांचे, आणि तुमचे आय-797 बरोबर ठेवा.

आई-बाबांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आणि मुदतीतला असेल तर ते बार्बाडोसला जाऊ शकतात, पण परतताना पुन्हा किती दिवस द्यायचे हे अमेरिकेचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. त्यांच्या मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असेल तर देशाबाहेर पाऊल टाकताच तो सोडून दिल्यासारखा धरला जातो. तसे असेल तर त्यांनाही प्वेर्तो रिकोलाच न्या.

प्रश्न : किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग साचल्याचे फोटो पाहून धसका घेतला आहे. (पुणे)

उत्तर : ते सर्गासम. तरंगत वाढणारी समुद्री वनस्पती. 2011 पासून ती अटलांटिकमधून कॅरिबियनमध्ये प्रचंड प्रमाणात वाहून येऊ लागली आहे. वसंत ऋतूपासून उन्हाळ्यापर्यंत जोर असतो, म्हणजे नेमका आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत. ती येते पूर्वेकडून, त्यामुळे पूर्व किनारा आणि दक्षिणेचा काही भाग भरतो, पश्चिम किनारा बहुतेक वेळा मोकळा राहतो. पहिल्या उत्तरात पश्चिमेचा आग्रह धरला त्याचे हे आणखी एक कारण.

ताज्या सर्गासमने अपाय होत नाही, फक्त त्यात अडकलेल्या बारीक जीवांमुळे काहींना अंगावर पुरळ येते. वाळूवर पडून दोन दिवसांत सडू लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. घरात कुणाला दमा असेल तर अशा किनाऱ्याजवळ राहू नका. हा वायू चांदी काळवंडवतो, तेव्हा पैंजण-जोडवी काढून ठेवलेली बरी. निघण्यापूर्वी आठवडाभर उपग्रहावर आधारित अंदाज आणि किनाऱ्यांचे ताजे फोटो पाहा. त्याहून आधी पाहून उपयोग नाही, चित्र वाऱ्याबरोबर बदलते.

प्रश्न : मुलांना तरण तलावात पोहता येते. समुद्रात कासवे पाहायला मास्क लावून उतरवावे का? काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

उत्तर : उतरवा, पण तयारीने. तलावात पोहणारे मूल समुद्रात दोन कारणांनी घाबरते : तळ दिसत नाही किंवा मास्कमध्ये पाणी शिरते. पहिल्यावर इथल्या स्वच्छ पाण्याचा इलाज आहे. दुसऱ्यासाठी मास्क घरीच जुळवून न्या. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर कितीही पट्टा आवळला तरी पाणी शिरणारच. शिरण्याची नेहमीची कारणे म्हणजे कपाळावरची केसांची बट, टोपीची कड आणि मोठ्या माणसांची मिशी. मिशीवर पातळ पेट्रोलियम जेली लावली की फरक पडतो.

मुलांचे स्नॉर्कल, म्हणजे पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी, मुलांच्याच मापाचे घ्या. मोठ्यांच्या लांब आणि रुंद नळीत उच्छ्वासातली हवा साठते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. सगळा चेहरा झाकणारे मास्क याच कारणासाठी मुलांना नकोत. पहिला दिवस फक्त कंबरभर पाण्यात : उभे राहून तोंड पाण्यात, मग तरंगणे, मग नळीत शिरलेले पाणी जोरात फुंकून बाहेर काढणे. हे तीनदा जमले की पुढे. हातात फुगवून घालायचे पट्टे सुरक्षासाधन नाहीत, ते निसटतात. वजनाच्या मापाचे लाइफ जॅकेटच घाला आणि लहान मुलाच्या हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस कायम असू द्या, मोबाइल वाळूवर ठेवून.

कार्लाईल बेमध्ये बुडालेली जहाजे आहेत. त्यांतली बर्विन ही टगबोट 1919 मध्ये बुडाली आणि इतक्या उथळ पाण्यात आहे की वरून तरंगतच दिसते. त्याच उपसागरात हिरवी कासवे येतात. त्यांच्या वरून किंवा पुढून जाऊ नका. बाजूने, काही मीटर अंतर ठेवून पाहा. त्यांना श्वास घ्यायला वर यावे लागते, वाट अडली की ती बिथरतात. हात लावू नका, खाऊ घालू नका.

आता धोके. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच पोहा. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचे नाही, पिवळा म्हणजे जपून. लाटा फुटत असताना मध्येच एखादा सपाट, गढूळ पट्टा समुद्राकडे जाताना दिसला तर तो आत ओढणारा प्रवाह. तो शांत दिसतो म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या आणि मग परता. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लाटांमुळे पश्चिम किनाराही एखाद-दोन दिवस खवळतो, तेव्हा ‘हा शांत किनारा आहे’ म्हणून गाफील राहू नका.

खडकांत सी अर्चिन नावाचे लांब काळ्या काट्यांचे समुद्री जीव असतात. पाण्यात घालायचे बूट सर्वांना घ्या. काटा रुतला तर सोसवेल इतक्या गरम, साधारण 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना उतरते. पाणी आधी मोठ्या माणसाने हाताने पाहावे, मुलांना भाजू शकते. वरवरचे काटे चिमट्याने काढा, सांध्याजवळ खोल रुतलेले डॉक्टरांकडे.

सर्वांत दुर्लक्षित धोका सावलीत असतो. किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड आहे, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळे येणारे. त्याचा पांढरा चीक कातडी भाजवतो, फळ खाल्ले तर घसा सुजतो. पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने फोड येतात. पुष्कळ झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळ्यांवर नाही. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की खाली पडलेले कुठलेही फळ उचलायचे नाही. चीक लागलाच तर साबणाने भरपूर पाण्याखाली धुवा. डोळ्यात गेला किंवा फळ तोंडात गेले तर थेट रुग्णालय.

ऊन : बेट 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे चेन्नईच्या रेषेत, आणि वारा सतत असल्याने चटका जाणवत नाही. भाजल्याचे संध्याकाळी कळते. सावळी त्वचाही भाजते. पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घातले की निम्मे काम होते. उरलेल्या अंगासाठी एसपीएफ 30 ते 50 चे सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर लावा. एका मोठ्या माणसाच्या संपूर्ण अंगाला एका वेळी सुमारे 30 मिली लागते, टी-शर्ट घातल्यावर साधारण निम्मे. चौघांचे कुटुंब दिवसातून तीनदा लावेल तर आठवड्याला लिटरभर होते. लोक 100 मिलीची ट्यूब आठवडाभर पुरवतात आणि मग ‘सनस्क्रीन चालत नाही’ म्हणतात. झिंक ऑक्साइडवर आधारित घ्या, प्रवाळांनाही ते कमी त्रासदायक. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावलीच हवी.

आजींना साडीत पाण्यात उतरायचे असेल तर सुती नको. भिजलेली सुती साडी पायात अडकते आणि लाटेबरोबर ओढ घेते. लेगिंग आणि नायलॉनचा लांब कुर्ता सोयीचा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडेही नाही. उपाशी राहावे लागेल का? (सांगली)

उत्तर : नाही, पण विचारून खावे लागेल. तिथल्या ‘राइस अँड पीज’मधले पीज बहुतेकदा तुरीचेच दाणे असतात. वाचून बरे वाटेल, पण तो भात अनेक ठिकाणी खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मॅकरोनी पायमध्ये अंडे असू शकते. कू-कू म्हणजे मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेला मऊ गोळा. तो मुळात शाकाहारी, पण वर माशाचा रस्सा घालतात, म्हणून रस्सा वेगळा ठेवायला सांगा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर काही जण मासे चालतात असे धरतात, तेव्हा ‘मांस नाही, मासे नाही, अंडे नाही’ असे तिन्ही शब्द उच्चारा.

निश्चिंतपणे खाण्यासारखे पुष्कळ आहे. भाजलेला ब्रेडफ्रूट, म्हणजे कोकणातला आपला नीरफणस. बटाटा-चण्याची रोटी, ही चपातीत गुंडाळलेली रस्साभाजी असते. रास्ताफारी पंथाच्या मंडळींचे ‘आयटल’ जेवण, त्यात मांस नसते आणि मीठही बेताचे. स्थानिक पिवळा हॉट सॉस मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा, कोल्हापुरी जिभेलाही जपून. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, बेटाच्या प्रवाळी चुनखडीतून गाळून आलेले भूजल.

आठ दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेले घर घेणेच शहाणपणाचे. बेटावर गुजरातेतून, विशेषतः सुरत भागातून गेलेल्या कुटुंबांच्या पिढ्या आहेत, त्यामुळे डाळी, तांदूळ, मसाले मिळतात. घरून मेतकूट, भाजणी, चटण्या सीलबंद आणि लेबल लावलेल्या पाकिटांतच न्या आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहा. ताजी फळे, कढीपत्ता, बियाणे नेऊ नका, काढून घेतात.

प्रश्न : दिवाळीत गेलो तर वादळाची भीती किती? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. बार्बाडोस कॅरिबियनच्या सर्वांत पूर्वेला असल्याने पुष्कळ वादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. 1955 च्या जॅनेटनंतर थेट 2021 मध्ये एल्साने चक्रीवादळाच्या वेगाने बेट गाठले. तरी अडकून पडणे वेगळे. 29 जून 2024 ला भारताने ब्रिजटाऊनमध्ये विश्वचषक जिंकला आणि लगेच बेरिल आले. विमानतळ बंद झाला आणि विजेता संघ खास विमानाने निघेपर्यंत काही दिवस हॉटेलातच होता.

तेव्हा दिवाळीत जायचे तर पैसे परत मिळणारे बुकिंग घ्या. प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा, कारण वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला विमा त्या वादळाचे नुकसान देत नाही. नेहमीची औषधे परतीच्या तारखेपुढे किमान पाच दिवस पुरतील इतकी न्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस बराच असतो, पण सरी येऊन जातात. दिवस पावसातच गेला तर हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा ट्रॅममध्ये बसून बघता येते, ज्येष्ठांनाही झेपते. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा पहिल्यापेक्षा बरा.

प्रश्न : पैसे, प्रवास, कपडे याबद्दल थोडक्यात सांगा. (ठाणे)

उत्तर : दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, दर बांधलेला आहे. दोन्हींना चिन्ह एकच, म्हणून टॅक्सीत बसण्यापूर्वी आणि जेवण मागवण्यापूर्वी ‘बार्बाडोस की यू.एस.?’ विचारा. हे न विचारता दुप्पट पैसे देणारे खूप. रुपये कुठे बदलून मिळत नाहीत, अमेरिकी डॉलर आणि कार्ड न्या. उरलेले स्थानिक डॉलर बेटावरच संपवा.

टॅक्सीला मीटर नाही, ठरलेले दर असतात. बसचे भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर, सरकारी निळ्या बसमध्ये सुटे नेमके द्यावे लागतात. ‘झेड-आर’ म्हणतात त्या पांढऱ्या खासगी प्रवासी व्हॅन जलद, पण खच्चून भरतात, मुले आणि सामान घेऊन नकोत. गाडी भाड्याने घेतली तर वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आहे. तात्पुरता परवाना लागतो, तो गाडी देणारे काढून देतात. लहान मुलाचे आसन बुकिंग करतानाच मागा. वीज 115 व्होल्टची आणि पिना अमेरिकी पद्धतीच्या चपट्या, आपली 230 व्होल्टची इस्त्री किंवा किटली तिथे नीट तापणार नाही.

लष्करी छापाचे कपडे कुणीही घालू नयेत. बेटावर त्याला कायद्याने बंदी आहे, मुलांच्या टोप्या आणि दप्तरांनाही. बॅग भरताना मुलांच्या अर्ध्या चड्ड्या एकदा तपासा, बहुतेकदा त्यांच्यातच तो छाप सापडतो.